सकाळी कट चांगला, दुपारी बर

भोसरीत शीट मेटलच्या शॉपमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. ४ किलोवॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेसर वापरून पत्रा कापणारं मशीन, सकाळी पहिल्या शीटला कट एकदम मस्त आणि दुपारी जेवून आलो की त्याच प्रोग्रॅमला खालून बर (कापलेल्या कडेला चिकटून राहणारा धातूचा खरखरीत काठ) यायला लागायचा. ऑपरेटर म्हणायचा, सर फोकस (लेन्स लेसरचा किरण जिथे एका बिंदूत गोळा करते ती जागा) पळतोय. मी म्हणायचो, फोकस कसा पळेल रे, लेन्स तर घट्ट बसवलीय. चूक माझीच होती.

सीओटू लेसरची वेव्हलेंग्थ (तरंगलांबी) १०.६ मायक्रॉन, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. (हा लेसर १९६४ मध्ये बेल लॅब्सला कुमार पटेलांनी शोधला, जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, हे मला फार उशिरा कळलं.) लेन्सला साधी काच इथे चालतच नाही, काचेतला सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध साधारण याच पट्ट्यात थरथरतो आणि लेसर आतल्या आत गिळून टाकतो. त्याउलट आपलं मीठ! सोडियमचे क्लोरिनचे अणू जड, बंध ढिले, थरथर संथ, त्यामुळे १०.६ ला मीठ छान पारदर्शक. पण पुण्याच्या पावसाळ्यात मिठाची खिडकी लावून बघा, दमट हवेनेच पांढरी पडेल. जर्मेनियम आहे, पण ते तापलं की जास्त गिळतं, जास्त गिळलं की आणखी तापतं, की गेलंच. म्हणून सगळीकडे ती पिवळी झिंक सेलेनाइडची लेन्स.

आता हिशोब बघा. नव्या कोटेड (वर परावर्तन रोखणारा पातळ थर दिलेल्या) लेन्समध्ये साधारण ०.२ टक्के पॉवर शोषली जाते, ऐकायला काहीच नाही, पण ४००० वॅटचे ०.२ टक्के म्हणजे ८ वॅट. आणि त्यातले जेमतेम दीड वॅट आतल्या मटेरियलचे, बाकी सगळे कोटिंगचे! कोटिंग नसेल तर प्रत्येक पृष्ठभागावरून १७ टक्के परत जातं, म्हणून ते टाळताही येत नाही. वर स्पॅटरचे (कापताना उडणाऱ्या वितळलेल्या धातूचे) ठिपके बसले की ८ चे १६ व्हायला वेळ लागत नाही. लेन्स कडेने थंड राहते, मध्ये तापते, मधला रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश वाकवण्याची ताकद) वाढतो आणि फोकस वर, लेन्सकडे सरकतो. म्हणजे ऑपरेटर बरोबर होता, पळतच होता.

आणि मी काय करायचो, तर बोटाने दाबून दाबून पुसायचो, जितकं घासू तितकं स्वच्छ असं वाटायचं. कोटिंगवर ओरखडे, ओरखड्यात घाण, परत उष्णता. एक लेन्स अशीच तडकली, पांढरी भुकटी उडाली आणि सेलेनियम विषारी असतं म्हणून सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. किंमत सांगत नाही, साहेबांचा चेहरा अजून आठवतो.

नंतर मग दोन पोलरायझर शीट (एकाच दिशेत थरथरणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या) एकमेकींना आडव्या धरून मध्ये लेन्स ठेवून बघायला शिकलो, ताण पडलेली लेन्स अंधारात लगेच उजळ डाग दाखवते. आणि पुसायची म्हणजे ॲसिटोनने ओला केलेला टिश्यू फक्त त्याच्या वजनावर ओढायचा, बोट लावायचं नाही. हे मला त्याच ऑपरेटरने शिकवलं.