आमची वाटचाल: टायपिंगपासून कुलूपबंद फाइलपर्यंत

बडोद्याचं जिल्हा कोर्ट सुरसागरजवळच्या न्यायमंदिरात भरायचं, तेव्हा आमचं काम टायपिंग आणि झेरॉक्सचं. कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं, टाइपरायटर अडगळीत गेले. आता पक्षकाराचे कागद स्कॅन करून वकिलापर्यंत गुपचूप पोचवणं हाच मुख्य धंदा.

पक्षकार आणि वकील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे. पूर्वी ते १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. बेकायदा हेतूसाठी केलेलं बोलणं त्यात बसत नाही. वकिलाचे कारकून, नोकर आणि दुभाषे यांनाही हे कलम लागू आहे. बाहेरच्या स्कॅनिंगवाल्याचं नाव मात्र त्यात नाही. म्हणून आम्ही गोपनीयतेचा करार आधी लिहून देतो आणि काम संपलं की फाइल रिसायकल बिनमधूनही काढतो. मोठ्या झेरॉक्स मशीनच्या पोटातही हार्ड डिस्क असू शकते, तीही साफ करावी लागते. हे फार थोडे गिऱ्हाईक विचारतात. विचारायला हवं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो खाडाखोडीत, म्हणजे गुप्त मजकूर झाकण्यात. पीडीएफमध्ये खाते क्रमांकावर काळा चौकोन ठेवला की तो झाकला, असं वाटतं. चौकोन वर, आकडे खाली तसेच. सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, बाहेर येतात. स्कॅन केलेल्या कागदावर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय) चालवलं असेल तर चित्र काळं करूनही मागचा अक्षरांचा थर शाबूत राहतो. खरं रिडॅक्शन करणारं, म्हणजे झाकलेला मजकूर फाइलमधून पुसूनच टाकणारं साधन नसेल तर काळं केलेलं पान छापून पुन्हा साधं स्कॅन करा आणि नोटपॅडची परीक्षा परत घ्या. कागदावर मार्कर फिरवलात तर आधी झेरॉक्स काढा, मग झेरॉक्सचं स्कॅन. नाहीतर शाईखालचं अक्षर ब्राइटनेस वाढवला की दिसू शकतं. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, ती कोर्टात लागते. वर्ड फाइलमधले ट्रॅक चेंजेस (केलेल्या बदलांची नोंद) आणि शेरे काढायला विसरलं, तर तडजोडीचा शेवटचा आकडा समोरच्या वकिलाला घरबसल्या कळतो.

आधार लागलंच तर मास्क केलेलं द्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात.

पाठवताना आम्ही सेव्हन-झिप हे फाइलला पासवर्डचं कुलूप लावणारं सॉफ्टवेअर वापरतो: फाइलचा सेव्हन-झेड प्रकार, एईएस-२५६ हे पक्कं कुलूप, आणि फाइलची नावं झाकण्याचा पर्याय चालू. साध्या झिपला पासवर्ड असला तरी आतली नावं दिसतात, आणि ‘दागिन्यांची यादी’ एवढं नावही पुष्कळ सांगून जातं. पासवर्ड त्याच मेलमध्ये कधीच नाही, फोनवर बोलून. मेलचा पत्ता सगळ्यात शेवटी भरायचा, कारण एकाच आडनावाचे दोन वकील असले की मेल स्वतःच भलतं नाव सुचवतो. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप वाटेत कुलूपबंद असतो, पण ड्राइव्हवरच्या बॅकअपला एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, वेगळं चालू करावं लागतं. शिवाय फोटो गॅलरीत उतरतात आणि घरातला कोणीही ते पाहतो.

मकरपुऱ्याच्या कारखान्यातला कामगार मालकाविरुद्ध दावा लावणार असेल, तर त्याने कंपनीच्या मेलवरून किंवा कंपनीच्या संगणकावरून वकिलाला एक ओळही लिहू नये. त्या मेलची किल्ली मालकाच्या माणसाकडे असते.