न दिलेला राजीनामा

बालकर्करोग विभागात परिचारिका म्हणून ११ वर्षे काम करताना मी दोनदा राजीनामा लिहिला, पण एकदाही तो मेट्रनच्या टेबलापर्यंत पोहोचला नाही. मुलांचे मृत्यू पाहवत नाहीत म्हणून आम्ही नोकरी सोडतो, असे लोकांना वाटते. माझा अनुभव थोडा निराळा आहे. ज्या मुलाच्या वेदना मॉर्फिनने वेळेवर आटोक्यात आल्या आणि जे आईच्या कुशीत शांतपणे गेले, त्याच्यासाठी मी रडले, तरी दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर हजर होते. उपयोग नाही हे सर्वांना ठाऊक असूनही एका ६ वर्षांच्या मुलीच्या हाताला मला पुन्हा पुन्हा सुई टोचावी लागली, त्या रात्री मात्र मी कागद पुढे ओढला. योग्य काय ते कळते, पण करता येत नाही, या घुसमटीला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश या अर्थाचे नाव दिले. त्यात रात्रपाळीला एकटीवर १२ खाटा, आणि मूल गेल्यावर तासाभरात तीच खाट नव्या रुग्णासाठी लावायची. (चादरही बहुधा आपणच बदलायची.) महिन्याभराने त्या मुलीची आई विभागात आली, “सिस्टर, जेवलात का?” एवढेच विचारून डबा ठेवून गेली. तो कागद मी फाडला. पहिला अजून कपाटात आहे.