तिसऱ्या यादीनंतर

सोमवार, रात्री

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, माणसांचं कामावरचं मन उडालं की ते आधी रिजेक्शनच्या, म्हणजे बाद मालाच्या, आकड्यात दिसतं, चेहऱ्यावर नंतर. कामगार कपातीची पहिली यादी लागली की लोक चिडतात, भांडतात. दुसरीनंतर चहाच्या टपरीवर हळू आवाजात बोलतात. तिसरीनंतर गप्प होतात, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

वाळूचंच घ्या. ओल्या वाळूच्या साच्याला ओलावा साधारण ३ ते ४ टक्के लागतो. पावसाळ्यात बेळगावात नवी वाळू भिजूनच येते. उलट ओतकामातून परतलेली वाळू गरम असते, साच्यापर्यंत जाईतो तिच्यातलं पाणी उडतं. ओलावा मोजायचं यंत्र असतंच, तरी जुना मोल्डर, म्हणजे साचे करणारा, मूठभर वाळू दाबून गोळा मोडून बघतो. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले, गोळा धारदार कडेनं तुटला, तळहात कोरडा राहिला, की वाळू जमली. हे हातात हात धरूनच शिकवावं लागतं. तिसऱ्या यादीनंतर तो शिकवायचं थांबवतो. हे आपल्याला एकट्याला येतं म्हणूनच आपण अजून आत आहोत, हा त्याचा हिशेब. त्याला दोष देववत नाही.

वाळूत पाणी जास्त झालं तर वाफ धातूत अडकते, कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, पोकळी राहते. ती सापडते मशीनिंगला, कधी थेट ग्राहकाकडे. मिक्सरवरच्या हेल्परला वाळू ओली लागलेली असते, पण सांगितलं तर लाईन थांबेल आणि आपलं नाव साहेबांच्या डोळ्यावर येईल, म्हणून तो बोलत नाही. पाळी बदलताना रजिस्टरात कुठल्या पॅटर्नची (साचा उठवायच्या नमुन्याची) पिन ढिली, कुठला कोअर (पोकळीसाठी साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) मोडतो, असं अर्धं पान भरायचं. आता तिथं दोनच शब्द असतात: ‘सर्व ओके’.

थोडी थोडी माणसं कमी केली तर झळ कमी बसते, ही मालकांची समजूत साफ चुकीची आहे. कमी करायचीच असतील तर आकडा एकदाच ठरवावा, तारीख सांगावी, आणि पुढची यादी कधीपर्यंत निघणार नाही तेही लेखी द्यावं. शब्द मोडायचा असेल तर देऊच नये.

कायद्याचा क्रम साधा आहे: त्या कामावर शेवटी आलेला आधी जातो, आणि हा क्रम मोडला तर कारण नोंदवावं लागतं. महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम, वेगळी. तिचा हिशेब असा: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० आणि नोकरी १२ वर्षं असेल, तर १८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १२, म्हणजे सुमारे १,२४,६१५ रुपये. हा हिशेब कागदावर मांडून हातात द्यावा. गेलेल्याचे पैसे कसे मिळाले, हे राहिलेले सगळे बघत असतात.

नोटीस कन्नड आणि इंग्रजीत लावलेली असते. येळ्ळूरचा, खानापूरकडचा किंवा चंदगडहून येणारा माणूस ती दुसऱ्याला वाचायला लावतो, आणि गेटपर्यंत दहाचे तीस होतात. खाली मराठीत चार ओळी लिहायला कुणाचं काय जातं?

कपातीनंतर वर्षाच्या आत परत भरती निघाली की कमी केलेल्यांना आधी बोलवायचं असतं. म्हणून यादीत नावापुढे फोन नंबर आणि तो काय काम करायचा ते लिहून ठेवावं: मोल्डर, कोअर, भट्टी.