बर्नार्दाचं घर आणि रशियन विद्यार्थी रंगमंच

स्पॅनिश नाटक रशियन रंगभूमीत फार आधीच मुरलंय. १८७६ साली मॉस्कोच्या माली थिएटरमध्ये मारिया येर्मोलोवाने लोपे दे वेगाच्या 'फुएन्तेओवेहुना'तली लाउरेन्सिया उभी केली. सेर्वान्तेसची छोटी प्रहसनं तर खुद्द रशियन नाटककार ओस्त्रोव्स्कीने रशियनमध्ये आणली. पण मुलींची संख्या जास्त असलेल्या विद्यार्थी तुकडीसाठी मला स्पॅनिश नाटककार लोर्काचं 'बर्नार्दा आल्बाचं घर' सगळ्यांत मोलाचं वाटतं: नवरा गेल्यावर पाच मुलींना घरात कोंडून ठेवणाऱ्या कडक आईची गोष्ट. मंचावर एकही पुरुष येत नाही. थोरलीशी लग्न ठरलेला आणि धाकटीचा प्रियकर असलेला पेपे, ज्याच्यावरून सगळं पेटतं, तोसुद्धा नाही.

पहिली अडचण वयाची. संहितेत बर्नार्दा ६० वर्षांची, तिची आई ८०, थोरली मुलगी ३९, धाकटी आदेला २०. विशीतली मुलगी बर्नार्दा करायला घेतली की पाठीला बाक काढते, आवाज घोगरा करते, आणि पात्र तिथेच मरतं. वय काठीतून येऊ द्या. पहिल्या तालमीपासून खरी, वजनदार काठी हातात हवी. शेवटच्या अंकात आदेला ती मोडते. तोवर तिचा धाक बसलेला नसेल, तर तो क्षण फुकट जातो.

दुसरी चूक म्हणजे 'स्पेन दाखवणं': गिटार, टाचांचा ताल, लाल झालरी. लोर्काने सुरुवातीलाच बजावलंय की हे तीन अंक म्हणजे छायाचित्रांचा दस्तऐवज आहे. पांढऱ्या भिंती, काळे कपडे. रंग मोजकाच: आदेलाचा फुलाफुलांचा पंखा, तिचा हिरवा पोशाख. बाकी रंग काढून टाका म्हणजे या दोनच गोष्टी डोळ्यांत भरतात.

रशियन नाट्यशाळांतली एत्यूदची, म्हणजे संहिता बाजूला ठेवून प्रसंग करून पाहण्याची, पद्धत इथे फार उपयोगी पडते. बंद खोली, उकाडा, शिवण. वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. कोण कुणाकडे पाहतं आणि कोण नजर टाळतं, हे आपोआप ठरत जातं. मग संवाद आणा.

शेवट हमखास घाईत उरकला जातो. बाहेर बंदुकीचा बार होतो, पेपे संपला असं आदेलाला भासवलं जातं, ती आत पळते, गळफास घेते आणि दाराआडून धप्प असा आवाज येतो. तो ध्वनिमुद्रित नको; विंगेत खरंच काहीतरी जड पडू द्या. बर्नार्दाचा पहिला शब्द 'शांतता', शेवटचाही तोच. पहिल्याच वेळी ती जीव तोडून ओरडली, तर शेवटी चढायला आवाजात काही उरत नाही.