निळ्या रेषेच्या आतला काठ

सकाळी गंगापूर रस्त्याच्या मागल्या बाजूने नदीवर उतरलो की मला फार तर अर्धा किलोमीटर चालता येते. त्यापुढे एका गृहसंकुलाचे तारेचे कुंपण पाण्यापर्यंत गेलेले आहे आणि पायवाट तिथेच संपते. कुंपणाच्या आत इमारत नाही. हिरवळ आहे, बाके आहेत, मुलांचे झोपाळे आहेत. नाशिककर ज्या गोदावरीला पिढ्यान्‌पिढ्या ‘गंगा’ म्हणत आला आणि जिच्यावर जायला त्याला कधी कोणाला विचारावे लागले नाही, तिचा काठ तिथे त्या संकुलाच्या रहिवाशांपुरता उरला आहे. असे का होते हे समजून घेण्यासाठी मी विकास नियंत्रण नियमावलीतील पूररेषेचा भाग नीट वाचला.

जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत नियमावलीनुसार नदीकाठ आणि निळी रेषा यांमधील क्षेत्रात बांधकाम निषिद्ध आहे. उद्यान, हिरवळ, वाहनतळ, उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी अशा मोजक्या वापरांना मुभा आहे. मात्र त्याच नियमात आणखी एक तरतूद आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिच्यात आहे. विकासयोग्य भूखंडाचा काही भाग पूररेषेत येत असेल, तर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळणारा बांधकामाचा हक्क, मालकाला उरलेल्या जमिनीवर वापरू देता येतो.

ही तरतूद अन्यायाची आहे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याच्या जमिनीवर बांधकामाला बंदी घालायची, त्याला काही मोबदला मिळालाच पाहिजे, नाहीतर तो चोरवाट शोधणारच. परंतु मोबदला दिल्यानंतर ती जमीन कोणाच्या उपयोगाची, याबद्दल नियम काही मागत नाही. नदीकाठच्या पट्ट्याचे मोल मालकाने वरच्या मजल्यांच्या रूपाने वसूल केलेले असते, त्या वाढीव मजल्यांचा भार रस्त्यांवर, पाणीपुरवठ्यावर आणि गटारांवर सगळ्या शहराने घेतलेला असतो, आणि तरीही तो पट्टा कुंपणाच्या आतच राहतो. एफएसआय वापरू देतानाच काठालगतची सलग पायवाट सार्वजनिक वापरासाठी कायमची खुली ठेवण्याची अट घातली, तर मालकाचे काहीही हिरावले जात नाही. ज्याचा सगळाच तुकडा निळ्या रेषेच्या आत आहे, अशा लहान शेतकऱ्याला मात्र या तरतुदीचा काडीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा, मार्ग स्पष्ट शब्दांत लिहिला गेला पाहिजे.

दुसरी बाब जोत्याची. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात, जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवले तर बांधकामाला परवानगी मिळू शकते. निळ्या रेषेच्या आतील जुन्या अधिकृत मिळकतींच्या पुनर्विकासालाही हीच सवलत आहे. यामुळे त्या इमारतीतील घर कोरडे राहते, पण जोते उंच करण्यासाठी टाकलेला भराव नदीची जागा अडवतो आणि तेवढे पाणी समोरच्या काठावर जाते. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत गोदाघाट पाण्याखाली गेला होता. घाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की खांद्याला, हे पाहून पुराची तीव्रता ठरवणाऱ्या आपल्या गावाला वरच्या अंगाला काय बांधले जाते याची पर्वा नसून कशी चालेल? म्हणून जोत्याच्या उंचीइतकीच भरावाची मोजणी महत्त्वाची आहे. जेवढी जागा अडवली, तेवढी त्याच भूखंडात खोदून नदीला परत द्यावी, अशी अट असायला हवी.

व्यापाराला काठावरून हाकलावे, असे माझे म्हणणे नाही. गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार हा व्यापारच आहे. पण तो सकाळी मांडतात आणि रात्री उठवतात, आणि पूर येणार असेल तर विक्रेते आपली पाले घेऊन वर सरकतात. नदीच्या वाढण्याला जागा ठेवणारा आणि वाट न अडवणारा व्यवसाय काठावर जरूर असावा. लग्नसराईच्या ‘लॉन्स’ना याच कसोटीवर तपासावे. नियमातील हिरवळ म्हणजे उघडी जमीन. तिच्यावर काँक्रीट, पत्र्याचे मंडप आणि चारी बाजूंनी भिंत आली की तिला हिरवळ म्हणण्यात अर्थ राहत नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी घाटांवर कामे होत आहेत, त्यामुळे या अटींचा विचार करण्याची वेळ हीच आहे. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली या नियमावलीत फेरबदल करताना नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. पण त्याची वाट न पाहता मी पायवाट आणि भराव या दोन मुद्द्यांचे निवेदन तयार केले आहे. वाटेची रुंदी त्यात ३ मीटर सुचवली आहे, कारण दशक्रियेसाठी वृद्धांना घेऊन येणाऱ्या चाकाच्या खुर्चीला आणि समोरून येणाऱ्या भाजीच्या हातगाडीला एकमेकींच्या शेजारून जाता आले पाहिजे.