गागाप

२२ ऑक्टोबर, रात्री साडेदहा

आज तोतरेपणाविषयीच्या जागृतीचा आंतरराष्ट्रीय दिवस. १९९८पासून पाळतात. एरवी माझ्या लक्षातही आला नसता, पण सकाळी जकार्ताच्या टीमबरोबर कॉल होता आणि 'कॉन्ट्रॅक्ट'मधला 'क' घशातच रुतून बसला. चार-पाच सेकंद. तिकडची सहकारी शांतपणे थांबली. माझं वाक्य तिने पुरं केलं नाही. नंतर चॅटवर तिचा मेसेज आला : 'साया जुगा गागाप.' मीसुद्धा गागाप आहे.

इंडोनेशियन भाषेत गागाप म्हणजे तोतरा. मलय भाषेतही हाच शब्द. दिवसभर तो तोंडात घोळवतोय. आधी 'गा-गा', अक्षर पुन्हा पुन्हा येतं तसं. मग शेवटचा 'प'. तो म्हणताना तिकडची माणसं ओठ मिटतात आणि मिटलेलेच ठेवतात, हवा सोडत नाहीत. आपण 'बाप' म्हणताना शेवटी ओठ जरासे सुटतात, तसे सुटत नाहीत. माझं अगदी असंच होतं! आधी अक्षराची घसरण, मग कुलूप. आपल्या 'त त प प'सारखा हाही शब्द अडखळण्याच्या आवाजातूनच आला असावा.

त्याला जवळचा वाटणारा 'गुगुप' आहे, पण त्याचा अर्थ घाबरलेला, गांगरलेला. दोन गोष्टी, दोन शब्द. मला मात्र लहानपणापासून सगळे सांगत आले, घाबरतोस म्हणून अडखळतोस. नाही हो. अडखळतो म्हणून पुढच्या वेळी घाबरतो.

सगळ्यात भिडलं ते 'तेरगागाप'. 'तेर' लागला की क्रिया आपसूक, नकळत घडलेली. 'तिदुर' म्हणजे झोपणं, 'तेरतिदुर' म्हणजे डोळा लागणं. म्हणजे अडखळणंही डोळा लागण्यासारखं, कुणी मुद्दाम न केलेलं. शाळेत फळ्याजवळ उभं करून बाई म्हणायच्या, "नीट बोल, मुद्दाम करतोस." तेव्हा हा 'तेर' मला कुणी द्यायला हवा होता.

आपल्याकडेही शब्द होता. सुश्रुतसंहितेत वाणीच्या विकारांमध्ये मूक आणि मिन्मिन यांच्याबरोबर 'गद्गद' येतो, म्हणजे अडखळत बोलणारा. मराठीने त्यातला भरून आलेला गळा तेवढा ठेवला. सकाळचा तो मेसेज वाचताना मी दोन्ही अर्थांनी गद्गद होतो.

उद्याच्या कॉलची सुरुवात मी करतो, असं तिला कळवलंय. पहिलाच शब्द 'क'चा आहे.