सहाशे मीटर आणि एक खडू

शिष्यवृत्ती परीक्षा तोंडावर आली की पी.टी.चे तास पहिले जातात. त्या दिवशीही गणिताच्या सरांनी तास मागितला होता, पण ‘खेलो इंडिया’च्या शारीरिक क्षमता चाचण्यांचे गुण भरायचे राहिले होते, म्हणून मी आठवीचा वर्ग मैदानावर नेला. सहाशे मीटर, आमच्या मैदानाच्या तीन फेऱ्या.

दुसऱ्या फेरीतच एक मुलगी थांबली. पळून दमलेलं मूल लाल होतं. ही पांढरी पडली होती आणि धाप काही केल्या थांबेना. सावलीत बसवून तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालसरपणा जवळजवळ नव्हताच. मुठीत खडूचा अर्धा तुकडा होता. “सर, ही रोज खडू खाते,” मैत्रीण म्हणाली. फळ्याजवळचे खडू कमी होतात अशी तक्रार वर्गात बरेच दिवस होती. रक्त कमी असलं की माती, खडू खावासा वाटतो, हे मला एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आईला बोलावून तिला लगेच ग्रामीण रुग्णालयात नेलं. हिमोग्लोबिन ६.८. या वयात १२ हवं. ८ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती दप्तरात साठवत होती, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळायचं. ही गोळी जेवणानंतर द्यायची असते. आता आम्ही ती पोषण आहार झाल्यावर, समोर उभं राहून देतो.

वर्षभर ही मुलगी बाकावर बसून होती. अभ्यासात ठीक, हजेरी चांगली, त्यामुळे कुणालाच काही जाणवलं नाही. देशात १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) सांगते. म्हणजे ही काही एकटी नव्हे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान सक्तीचं केलं. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) हवा, हेही त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. पण मैदान आणि माणूस असूनही तास दुसऱ्याच विषयाला गेला तर मूल पळताना कोण बघणार?

परीक्षेच्या महिन्यांतही पी.टी.चा तास कुणाला देऊ नये, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. सोबत गणिताच्या सरांचीही सही आहे.